अंगावरची घोंगडी, सातासमुद्रापारची खासा

दोस्तांनो, घरातलं एखादं काम महिनोन्‌महिने अडून राहिलं, की मोठी माणसं काय म्हणतात? "त्या कामाचं घोंगडं भिजत पडलंय!" तुम्हीही हे वाक्य परीक्षेत वाक्प्रचार म्हणून लिहिलं असेल आणि एक गुण मिळवला असेल. पण खरं सांगा, भिजलेलं घोंगडं कधी उचलून पाहिलंय? साधारण दोन-अडीच किलोची घोंगडी एकदा का पाण्यात नीट मुरली, की पिळता येत नाही, एकट्याला दोरीवर टाकता येत नाही आणि लवकर वाळत तर मुळीच नाही. म्हणून रखडलेल्या कामाला भिजत घोंगड्याची उपमा!

आणि गंमत बघा. हीच घोंगडी डोक्यावर खोळ करून घेतली, की मेंढपाळ पावसाच्या सरीत खुशाल उभा राहतो. भिजली की जड होणारी वस्तू पावसापासून वाचवते तरी कशी? हे कोडं आपण सोडवणार आहोत. पण त्यासाठी थोडी भटकंती करावी लागेल. आधी बारामती-इंदापूर, आणि मग थेट पश्चिम आफ्रिका. निघायचं?

मेंढरांचं रिंगण

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि पुणे, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीला येते. बारामतीहून पुढे निघाली की लागते काटेवाडी. इथे परीट समाजाचे लोक पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात. आणि मग होतं मेंढरांचं रिंगण! पालखीभोवती शेकडो मेंढ्या धावत सुटतात. धूळ उडते, टाळ वाजतात आणि मेंढपाळ हात जोडून उभे असतात. असं रिंगण झालं, की वर्षभर मेंढरांना रोगराई होत नाही, अशी त्यांची श्रद्धा. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला घोड्यांचं गोल रिंगण होतं. ते बघायला तर सगळेच जातात. पण मेंढरांना असा मान देणारं रिंगण हे काटेवाडीचं वैशिष्ट्य.

मेंढरांना हा मान का, ते या भागाचा नकाशा उघडलात की कळेल. सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस इथपर्यंत येता येता थकून जातो. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. दक्षिणेला नीरा, इंदापूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, आणि मधे खडकाळ माळरान. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, तिथून हळूहळू ऊस आला, मग साखर कारखाने आले. पण कालव्याचं पाणी सगळीकडे पोचत नाही. जिथे ते पोचलं नाही तिथे कुसळी गवत, बोरी, बाभळी आणि मेंढरं.

या मेंढीचं नाव दख्खनी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी अशी तिची वेगवेगळी वाणं आहेत. काळी, करडी, पांढरी, कुठे डोकं काळं आणि अंग पांढरं. चिवट इतकी, की दिवसभर मैलोन्‌मैल चालेल आणि उन्हाळ्यात सुकल्या पाल्यावर दिवस काढेल. पण मोठा पाऊस आणि चिखल तिला सोसत नाही. खुरं कुजतात. म्हणून मेंढपाळांनी एक वेळापत्रक बसवलंय. दिवाळी झाली, माळावरचं गवत संपलं, की वाडा निघतो पश्चिमेला, घाट उतरून कोकणाकडे. वाडा म्हणजे बंगला नव्हे हं! एकत्र फिरणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांच्या तळाला वाडा म्हणतात. घोड्यावर संसार, त्यावरच कोंबड्या, कोकरं आणि लहान मुलं. वाटेत शेतकरी आपल्या रानात रात्रभर मेंढरं बसवून घेतात, कारण लेंड्यांचं खत झकास असतं. त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. कोकणात पाऊस सुरू व्हायच्या आत वाडा पुन्हा माळावर परत येतो.

जर्मनीतल्या हायडलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोन्थायमर यांनी या धनगर मेंढपाळांमध्ये राहून त्यांच्या बिरोबाच्या, खंडोबाच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. जेजुरीच्या खंडोबाची एक राणी बाणाई ही धनगराचीच लेक, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

अशा या फिरत्या संसारात घर कुठलं? छप्पर कुठलं? अंथरूण, पांघरूण, रेनकोट, पिशवी, बसायचं आसन आणि आजारी कोकराला गुंडाळायचं फडकं, हे सगळं मिळून एकच वस्तू. घोंगडी!

चिंचोक्यांचं गुपित

आता घोंगडी होते कशी ते पाहू. वर्षातून दोनदा मेंढरं कातरतात. आधी ती ओढ्यात किंवा कालव्यात धुवायची, वाळू द्यायची आणि मग मोठ्या लोखंडी कातरीने अंगालगत लोकर काढायची. कातर जरा जास्त लागली तर कातडीला जखम, आणि वर राहिली तर लोकर वाया. एका मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर मिळते. म्हणजे करा हिशेब, एका घोंगडीच्या मागे चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर! कोकराची पहिली लोकर सगळ्यांत मऊ. तिला म्हणतात जावळ. तुमचंही जावळ काढलं होतं ना लहानपणी? तेच.

मग लोकर निवडायची. काळी वेगळी, करडी वेगळी, पांढरी वेगळी. रंग द्यायचाच नाही, मेंढीने दिलेला रंग तोच घोंगडीचा. त्यातली काटेकुसळं काढून ती पिंजायची आणि चरख्यावर सूत काढायचं. सूतकताईचं काम बहुतेक बायकांचं. घरचं सगळं आवरून म्हाताऱ्या आज्या चरख्यावर बसायच्या ते थेट दिवेलागणीपर्यंत.

पुढचं काम सणगरांचं. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारा समाज. धनगर मेंढरं राखणार, सणगर विणणार, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची जोडी. सणगर आधी मोकळ्या गल्लीत खुंटांवर उभे धागे ताणून बांधतो. याला म्हणतात ताणा. पण लोकरीचं सूत असतं केसाळ. तसंच मागावर चढवलं तर धागे एकमेकांना चिकटणार आणि तुटणार. मग करायचं काय? इथे येतात चिंचोके! होय, तेच चिंचोके, जे तुम्ही खेळायला जमवता किंवा भाजून कटाकटा खाता. ते भाजून, भिजवून, वाटून, शिजवून त्यांची चिकट खळ करतात आणि कुंच्याने ताण्यावर सारखी लावत जातात. खळ वाळली की सूत ताठ, गुळगुळीत आणि मजबूत.

मग हा ताणा मागावर चढतो. घोंगडीचा माग असतो खड्ड्यातला. विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. पायाखाली दोन पावड्या. एक दाबली की अर्धे धागे वर आणि अर्धे खाली. मधल्या फटीतून सुताचा धोटा सर्रकन्‌ इकडून तिकडे. हा आडवा धागा म्हणजे बाणा. फणी ओढून तो ठोकून बसवायचा. मग दुसरी पावडी आणि धोटा परत. सर्र, ठक्‌! सर्र, ठक्‌! उजेड खिडकीतून येईल तेवढाच. वाकून वाकून पाठ धरते आणि लोकरीची तूस नाकातोंडात जाते. हे सगळं करून घोंगडी झाली, की ती हातावर मोजायची. "दहा हाती", "बारा हाती" अशी तिची मापं असत.

आता आपलं कोडं. लोकर बनते केराटिन नावाच्या प्रथिनाची. आपली नखं आणि केसही त्याचेच. भिंगाखाली लोकरीचा तंतू पाहिला तर त्याच्यावर घराच्या कौलांसारखे खवले दिसतात. आपल्या केसांना तेल लागतं ना, तसं मेंढीच्या लोकरीला मुळातच एक मेण असतं. खवले आणि मेण यांच्यामुळे पावसाचे थेंब वरून ओघळून जातात. हवेतला ओलावा मात्र तंतूच्या आत शिरतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही! शिवाय तंतू असतात कुरळे. त्यांच्यामधे हवा अडकते. ही अडकलेली हवा थंडीत अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून सरीमागून सर आली तरी खोळीत मेंढपाळ उबदार राहतो. पण हीच घोंगडी ओढ्यात बुडवून ठेवलीत, तर तंतूंमधल्या सगळ्या फटी पाण्याने भरतात, आणि मग ते होतं भिजत घोंगडं. सुटलं कोडं?

मालीचे मेंढपाळ

आता घ्या उडी! अरबी समुद्र ओलांडा, आख्खी आफ्रिका पश्चिमेकडे पार करा आणि सहारा वाळवंटाच्या खाली माली नावाच्या देशात उतरा. इथे नायजर नदी मैदानात पसरते आणि पुराच्या दिवसांत मैलोन्‌मैल पाणीच पाणी होतं. पूर ओसरला की हिरवं कुरण. या भागाला म्हणतात मासिना. इथले गुराखी आणि मेंढपाळ म्हणजे फुलानी लोक. आपल्या धनगरांसारखंच त्यांचंही वर्षाचं वेळापत्रक गवत आणि पाऊस ठरवतात. पावसाळ्यात ते गुरं घेऊन दूर कोरड्या भागात जातात आणि पूर ओसरला की परत येतात. दियाफाराबे या गावी गुरांचे कळप नदी पोहून ओलांडतात, तेव्हा मोठा उत्सव होतो. गाणी होतात, नटूनथटून बायका-मुलं काठावर येतात. युनेस्कोच्या वारशाच्या यादीत २००८ पासून हा उत्सव आहे. आठवली ना काटेवाडी?

आणि या फुलानी मेंढपाळाच्या खांद्यावर काय असतं? लोकरीचं जाड पांघरूण! त्याचं नाव खासा. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या रात्री गार असतात आणि डासांचा तर सुळसुळाट. खासा दोन्हींपासून वाचवते. मासिनाच्या मेंढ्यांची लोकर, सूत कातणार बायका आणि विणणार माबुबे नावाचा विणकरांचा वेगळा समाज. म्हणजे तिकडचे सणगरच म्हणा ना! ना त्यांनी आपल्याला पाहिलेलं, ना आपण त्यांना. तरी थंडी, मेंढी आणि चालणं ही तिन्ही सारखी असली, की माणसाला सुचतंही सारखंच.

फरकही आहे. आपली घोंगडी रुंद विणतात. पश्चिम आफ्रिकेतला माग मात्र अगदी अरुंद. त्यावर वीतभर रुंदीच्या किंवा त्याहून चिंचोळ्या लांबच लांब पट्ट्या निघतात. मग त्या शेजारी शेजारी ठेवून शिवायच्या. खासा अशाच सहा-आठ पट्ट्यांची होते. पांढऱ्या लोकरीवर लाल, काळ्या, पिवळ्या नक्षीचे पट्टे. ताण्याचं दुसरं टोक बरंच लांब, दगड ठेवलेल्या घसरपट्टीला बांधतात. जसजसं विणून होईल तसतसा तो दगड विणकराकडे सरकत येतो.

या अरुंद पट्ट्यांचं सगळ्यांत नावाजलेलं कापड म्हणजे घाना देशातलं केन्टे. कुमासी शहराजवळचं बोनवायर गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे गोष्ट सांगतात, की दोन भावांनी रानात अनान्सी नावाच्या कोळ्याला जाळं विणताना पाहिलं आणि ते विणकाम शिकले. केन्टेची पट्टी असते साधारण चार इंची. जुन्या काळी तिथल्या विणकरांना रेशमी धागा मिळत नसे. मग त्यांनी काय करावं? परदेशी व्यापाऱ्यांकडून रेशमी कापड घ्यावं, ते उसवून धागा धागा वेगळा करावा आणि त्यातून पुन्हा स्वतःचं कापड विणावं! आहे की नाही जिद्द?

कपड्याला काय किंमत?

तुम्ही म्हणाल, कापड ते कापड, त्यात एवढं काय? तर ऐका. ६ मार्च १९५७ ला घाना इंग्रजांच्या राज्यातून स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याची घोषणा करताना क्वामे एन्क्रुमा यांनी सूट-टाय घातला नव्हता. देशाच्या उत्तर भागात हातमागाच्या पट्ट्या जोडून शिवतात तो साधा सदरा, फुगू, त्यांनी घातला होता. आपल्याकडे गांधीजींनी खादीतून जे सांगितलं, तेच एन्क्रुमांनी फुगूतून सांगितलं. शेजारच्या बुर्किना फासोमध्ये थॉमस सांकारा १९८३ ते १९८७ या काळात राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी सरकारी नोकरांना देशातच पिकलेल्या कापसाचं हातमागाचं कापड वापरायला लावलं. कारण सोपं होतं. आपल्या गावचा कापूस, आपल्या गावचा विणकर, मग पैसा बाहेर का जावा?

पण तिकडेही सगळं छान चाललंय असं समजू नका. कारखान्यात छापलेलं नकली केन्टे बाजारात स्वस्तात मिळतं. हाताने विणायला आठवडे लागतात, छापायला काही मिनिटं. तरीही घानाने आपलं कापड सोडलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने केन्टे विणण्याची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

आणि आपली घोंगडी? तिची गोष्ट जरा अवघड आहे. बाजारात हलकं, रंगीबेरंगी, कृत्रिम धाग्याचं ब्लँकेट स्वस्तात मिळू लागलं, आणि घोंगडीचं गिऱ्हाईक आटलं. दख्खनी लोकर जाड आणि खरखरीत, स्वेटरला चालत नाही. त्यामुळे लोकरीचा भाव इतका पडला, की कातरणीची मजुरीच जास्त होते. मेंढपाळाला विचारलंत तर तो म्हणेल, "लोकर इकून मजुरीबी सुटत न्हाई, पर कातरल्याबिगर जनावराला उन्हाळा सोसायचा न्हाई." खरंच आहे. न कातरलेल्या मेंढीला उकाडा सोसत नाही आणि गोचिड्याही होतात. म्हणून कातरायचं, आणि लोकर बांधावर टाकून द्यायची!

मेंढपाळाचं पोट आता मांसासाठी विकलेल्या कोकरांवर चालतं. नीरेपलीकडे फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी बंगालमधल्या सुंदरबनच्या छोट्याशा गारोळ मेंढीचा जुळी कोकरं देणारा गुण दख्खनी मेंढीत आणला. या नव्या मेंढीचं नाव 'नारी सुवर्णा'. एका वेताला एका कोकराऐवजी दोन, म्हणजे मेंढपाळाला चार पैसे जास्त. हे चांगलंच झालं. पण त्या कोकरांच्या अंगावरच्या लोकरीचं काय, हा प्रश्न उरलाच.

आता तुम्हीच विचार करा. समजा, एका सणगर आजोबांचा नातू दहावी झाला. बारामतीच्या एमआयडीसीत त्याला महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी मिळतेय. तिथे तर टेक्स्टाइल पार्कही आहे, शेकडो बायका मशिनवर कपडे शिवतात. दुसरीकडे आजोबांचा माग, दुखणारी पाठ आणि विकली जाईल की नाही ते माहीत नसलेली घोंगडी. तो नोकरीवर गेला तर त्याला नावं ठेवता येतील का? मुळीच नाही! विणकराने गरिबीत राहून आपल्यासाठी कला जपावी, असं म्हणणं सोपं आहे. आपण त्याला दाम मोजतो का, हा खरा प्रश्न आहे.

दाम मिळेल असे मार्ग आहेत. जाड लोकर स्वेटरला चालत नसली तरी गालिचा, आसन, पिशवी, खोगीर यांना उत्तम. लोकर सहसा पेट घेत नाही आणि ऊब व आवाज अडवते, म्हणून काही देशांत ती घराच्या भिंतींत भरतात. तिच्यात नत्र असतं, म्हणून तिचं खतही करतात. आमच्या उसाच्या पट्ट्यात बांधावर टाकलेल्या लोकरीचा असा विचार व्हायला काय हरकत आहे? दोस्तांनो, तुमच्यातलाच कुणी उद्या हे करून दाखवील!

करून पाहा

एक पुठ्ठा घ्या, साधारण वहीएवढा. वरच्या आणि खालच्या कडेला एकेक सेंटिमीटरवर बारीक खाचा पाडा. जाड दोरा खाचांतून वर-खाली गुंडाळा. झाला ताणा. आता दाभणात लोकर ओवा आणि एका धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून असं करत पलीकडे न्या. परत येताना उलट करा. प्रत्येक ओळ जुन्या कंगव्याने खाली दाबा. हा बाणा. दहा सेंटिमीटर विणायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहून ठेवा. मग अडीच मीटर लांब आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या सहापट रुंद घोंगडीला किती तास लागतील, त्याचं गणित करा. उत्तर आलं की आजोबांच्या मागाची 'सर्र, ठक्‌' तुम्हाला वेगळीच ऐकू येईल.

आणि हो, सुटीत गावी गेलात की माळ्यावर किंवा फडताळात शोधा. खालच्या थरात, नॅप्थलिनच्या गोळ्यांच्या वासात एखादी काळी घोंगडी नक्की सापडेल. आजीला विचारा, ती कुणी विणली, किती रुपयांना घेतली आणि ती पांघरून कोण कोण झोपलं. तिला उन्हात घाला, झटका, रात्री पांघरून बघा. टोचेल जरा! पण पहाटेची थंडी पडली की सोडवणार नाही.

फक्त एक करा. ती भिजत ठेवू नका.